बबनचं दोन लिव्हरचं मशीन

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी चिखलीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका लोखंडी गेटला ग्राइंडर मारत होतो. "दिगूभाऊ, या," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. वहिनी मला फोन करायच्या त्या एकाच कारणासाठी. त्यांच्या अंगणातल्या मशीनचा पाइप फुटला किंवा तेल गळायला लागलं, तर त्यांचा नवरा बबन स्वतः कधी फोन करत नसे, कारण त्याच्या मते त्याच्या मशीनला कधी काही होतच नसे. मग वहिनी स्वयंपाकघरात जाऊन हळूच मला कळवायच्या. त्यामुळे मीही काही विचारलं नाही. पिशवीत पाने घातले, टेफ्लॉन टेप घेतली, नव्या हायड्रॉलिक पाइपचं वेटोळं करून खांद्याला अडकवलं आणि स्कूटर काढली. चाकणच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला होता आणि त्याच्यामागं कंपन्यांच्या बसेस, कांद्याचे टेंपो, सगळं जग खोळंबलं होतं. तिथं उन्हात उभा राहून मी बबनला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. गावात पोचलो तर अंगणात ही गर्दी. टोप्या, पंचे, सतरंजीवर बसलेली माणसं... मला वाटलं, गड्यानं पुन्हा मशीनचं प्रात्यक्षिक ठेवलेलं दिसतंय. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेलो, आणि मग लक्षात आलं की कुणीच बोलत नाहीये.

सकाळी चहा पिऊन बबन ओसरीवर बसला होता, आणि बसल्या जागीच गेला. मी तिथं खांद्यावर पाइप आणि हातात पान्यांची पिशवी घेऊन उभा. ती कुठं ठेवावी हेसुद्धा सुचेना. शेवटी कुणीतरी पुढं येऊन माझ्या खांद्यावरून तो पाइप उतरवला, तेव्हा मला रडू फुटलं. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. बबनच्या मरणाला स्पॅनर घेऊन गेलेला माणूस म्हणून गावात माझी ओळख झालीय, आणि बबनला हे कळलं असतं तर तो गुडघ्यावर थाप मारून हसला असता.

मी मूळचा लातूरकडचा. नोकरीसाठी इकडं आलो आणि चाकण रस्त्यावरच्या एका कंपनीत प्रेसशॉपला लागलो. गाड्यांचे पत्र्याचे भाग मोठ्या प्रेसखाली दाबून काढायचे, हे आमचं काम. बबन तिथं मेंटेनन्सला होता. गाव चाकणच्या पलीकडचं, घरी कांद्याची शेती, पण ह्याचा सगळा जीव हायड्रॉलिकच्या तेलात. प्रेसचं तेल बोटावर घेऊन चोळायचं, वास घ्यायचा आणि "दमलंय" किंवा "अजून दम हाय" असा निकाल द्यायचा. माणसांकडंही तो त्याच नजरेनं बघायचा. साहेब तापला की म्हणायचा, ह्याचा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणारी झडप बंद पडलीय. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी त्याला ब्लडप्रेशर वाढल्याचं सांगितलं, तर ह्यानं तिथंच बसून डॉक्टरांच्या आकड्याचं प्रेसच्या दाबात रूपांतर केलं. "एवढ्यानं तर घोटभर तेलसुदिक हलत न्हाई," असं त्यांना ऐकवून, गोळ्या खिशात घालून घरी आला. त्या गोळ्या तो आठवतील तशा घ्यायचा. आम्ही तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही, राग येतो.

मशीनची गोष्ट सुरू झाली ती धुरापासून. बबनच्या गावाभोवती गेल्या काही वर्षांत सोसायट्या उभ्या राहिल्या. सोसायटी म्हटली की झाडं आली, झाडं म्हटली की छाटणी आली, आणि छाटलेल्या फांद्या टाकायला सगळ्यांना बबनच्या शेताचा रस्त्याकडचा मोकळा तुकडा सापडला. ट्रॅक्टर येत, फांद्या ओतून जात. ढीग वाढला की कुणीतरी काडी लावायचं. मंदावहिनींना दम्याचा त्रास. तो धूर घरात शिरला की त्यांचा श्वास लागायचा, बबनला रात्र-रात्र उशाशी बसून काढावी लागायची. मुलगा संदीप पिंपरीला, संत तुकाराम नगरात राहतो. दर वेळी तो यायचा, आईला दवाखान्यात न्यायचा आणि जाताना एकच बोलायचा, की आता हे घर सोडा आणि माझ्याकडं चला. वहिनींना ते घर सोडायचं नव्हतं. ह्या वयात जिन्यावरून चढ-उतार करायची, आणि खाली आलं तरी ओळखीचं माणूस नाही, असं त्या म्हणायच्या. तेव्हा बबननं ठरवलं, फांद्या जाळू द्यायच्याच नाहीत, त्यांचा भुगा करायचा. धूर बंद, तर हलण्याचा प्रश्नच बंद.

एका बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारात त्याला चिपर मिळाला. फांद्या तोंडात घातल्या की आतली पाती त्यांचे तुकडे करून दुसरीकडून फेकतात, ते मशीन. इंजिन पार गेलेलं, पण पाती चांगली. विजेवर चालवावं तर गावात थ्री-फेज येणार कधी आणि जाणार कधी, त्याचा नेम नाही. घरात ट्रॅक्टर होता. ज्याला-त्याला वाटलं, आता सोपं आहे. ट्रॅक्टरच्या मागं जो शाफ्ट फिरतो, ज्याच्यावर मळणीयंत्र चालतं, तो जोडायचा की झालं. अर्ध्या दिवसाचं काम. पण इथं वहिनींची दुसरी अट आडवी आली. फार वर्षांपूर्वी मळणीच्या वेळी त्या शाफ्टच्या सांध्यात त्यांचा पदर अडकला होता. बबननं धावत जाऊन इंजिन बंद केलं म्हणून त्या वाचल्या, पण खांद्यावर वळ कायमचा राहिला. तेव्हापासून आपल्या दारात फिरता शाफ्ट चालणार नाही, हा त्यांचा कायदा. थोडक्यात, बाईला धूर नको आणि शाफ्टही नको. बबन म्हणाला, मग तेलावर चालवू. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब पाइपातून न्यायचा आणि त्यावर मोटर फिरवायची. मधे फिरतं काहीच नाही, नुसता पाइप. कुणी विचारलं, तर मात्र तो वहिनींचं नाव काढत नसे. छाती पुढं काढून सांगायचा, की हायड्रॉलिकची मजा शाफ्टला नाही.

मोटर आम्ही चिखलीच्या भंगारवाल्यांकडून शोधून आणली. मी वेल्डिंगला, तो पाइप जोडायला. पहिला प्रयोग त्यानं सोप्यात सोप्या वाटेनं केला. ट्रॉलीचा जॅक उचलायला ट्रॅक्टरला तेलाची जी तोटी असते, तिथूनच त्यानं मोटरला तेल दिलं. जॅकचा पाइपही तसाच जोडलेला ठेवला, कारण ट्रॉली मागं उभीच होती आणि शेजारच्या नानांनी त्यात चाकणच्या मार्केटला न्यायचा कांदा भरून ठेवला होता. ट्रॅक्टर सुरू झाला. चिपरचं चाक फिरायला लागलं... म्हणजे फिरतंय हे मान्य करायला थोडा वेळ टक लावून बघावं लागत होतं. देवळाला प्रदक्षिणा घालणारी म्हातारी माणसं त्याहून जोरात चालतात. बबनचा उत्साह त्यानं कमी झाला नाही. त्यानं बाभळीची चांगली मनगटाएवढी फांदी आत घातली. पात्यानं ती चावली आणि तशीच धरून बसलं. मोटर अडली, पण तेल कुठं थांबतंय? त्याला दुसरी मोकळी वाट दिसली ती जॅकची. आमची पाठ ट्रॉलीकडं. मागं काहीतरी गडगडल्यासारखं वाटलं म्हणून वळून बघितलं, तर ट्रॉली अगदी सावकाश, थाटात, तोंड वर करून उठत होती आणि नानांचा कांदा अंगणभर पसरत होता. नाना धावले, बायका धावल्या, कोंबड्या पळाल्या. बबन जागचा हलला नाही. तो माझा दंड धरून सांगत होता, "दिगूभाऊ, बघ. प्रेशर फुल्ल येतंय."

कांदा गोळा करायला अर्धं गाव वाकलं होतं. नानांनी त्यानंतर बरेच दिवस आपला माल बबनच्या ट्रॉलीत भरला नाही.

त्यातून बबन एवढं शिकला, की ट्रॅक्टरच्या पोटातला पंप नांगर आणि ट्रॉली उचलण्यापुरता असतो, चिपर फिरवायला तेलाची धार मोठी लागते. मग त्यानं वेगळा मोठा पंप आणला, वेगळी तेलाची टाकी मला वेल्ड करायला लावली आणि पंप थेट ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला बसवला. वहिनी ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, पंप कशावर फिरतो. बबननं तोंडातल्या तोंडात सांगितलं, की त्या शाफ्टच्या बुंध्यावरच, पण तो वीतभरच आहे आणि बाहेर काही येत नाही. "मंग झाका त्यो," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानं तेलाचं जुनं पिंप कापलं, त्याचं मजबूत झाकण करून चहूबाजूंनी बोल्ट मारले. दुसऱ्या दिवशी वहिनी जुन्या लुगड्याचा तुकडा काठीला बांधून तपासणीला आल्या. ट्रॅक्टर चालू ठेवायला लावला, आणि काठी त्या झाकणाभोवती अशी फिरवली की आमच्या कंपनीतल्या क्वालिटीवाल्यांनी खाली मान घालावी. वरून, खालून, फटीतून. लुगडं कुठं अडकेना. बबन परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घाम पुसत उभा. शेवटी त्यांनी काठी खाली ठेवली आणि चहा टाकायला गेल्या, म्हणजे पास.

आता खरं तर काम संपलं होतं. चाक जोरात फिरत होतं, फांद्या घेत होतं. पण बबनला गप्प बसवेना. बायकोच्या दारात मशीन आहे, तर ते प्रेससारखंच सुरक्षित पाहिजे, असं त्यानं डोक्यात घेतलं. प्रेसशॉपमध्ये नियम असा, की दोन बटणं दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबून धरल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे साच्यात हात राहायची भीतीच नाही. आमच्या शिफ्टच्या सगळ्यांची बोटं शाबूत राहिली ती त्या दोन बटणांमुळं. बबननं चिपरला तशाच दोन लिव्हर बसवल्या. दोन्ही धरल्या तरच तेल मोटरकडं जाणार. एक जरी सुटली, तरी तेल मुकाट्यानं टाकीत परत. लिव्हरच्या मधलं अंतर, स्प्रिंगचा ताण, सगळं आम्ही दोघांनी मापून केलं. फांदी घालायचं तोंडही हाताहून लांब केलं, पेरणीच्या चाड्यासारखं, नरसाळ्याच्या आकाराचं, म्हणजे आतपर्यंत हात पोचूच नये. मला ते मशीन बघून खरंच अभिमान वाटला होता.

प्रात्यक्षिकाला त्यानं गाव बोलावलं. सोसायट्यांचे दोन-चार सेक्रेटरी आले, नाना आले पण ट्रॉलीपासून लांब बसले. नारळ फोडला. बबननं मिशीवरून हात फिरवला, ट्रॅक्टर सुरू केला, येऊन ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दोन्ही लिव्हर धरल्या. मशीन असं घुमलं की सोसायटीवाल्यांनी मोबाइल वर केले. लोक बघतायत... बबन बघतोय. फांद्यांचा ढीग त्याच्या पायाशी, मशीनचं तोंड त्याच्या समोर, आणि दोन्ही हात लिव्हरवर. त्यानं ढिगाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. एक हात सोडला, मशीन थांबलं. पुन्हा धरला, मशीन घुमलं. मग त्यानं पायानं एक फांदी उचलून बघितली. प्रेसवर पत्रा आधी ठेवायचा आणि मग बटणं दाबायची. इथं चालत्या मशीनला फांदी द्यायची होती, आणि प्रेसशॉपमध्ये उभी हयात घालवलेल्या आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे शिरलं नव्हतं.

पहिलं हसू आलं ते ओसरीवरून. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, खोकला येईपर्यंत. मग त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सरका. मी धरते, तुमी घाला." ते दोघं असे कामाला लागले की टाळ्या पडल्या. त्या दिवशी सोसायट्यांनी तिथंच कबूल केलं, की फांद्या जाळायच्या नाहीत, आणून द्यायच्या आणि तयार भुगा झाडांना घालायला घेऊन जायचा.

एक लिव्हर काढून टाकू, असं मी बबनला पुढं कितीतरी वेळा म्हणालो. पाच मिनिटांचं काम होतं. तो ऐकेना. आधी म्हणायचा, डिझाइन आहे, त्यात हात घालायचा नाही. नंतर मला कळलं, की त्याला ते तसंच आवडायला लागलं होतं. रोज सकाळी ऊन तापायच्या आत वहिनी लिव्हर धरायच्या आणि तो फांद्या घालायचा. वहिनींना काही बोलायचं असलं की त्या लिव्हर सोडून द्यायच्या. मशीन हळूहळू थांबायचं, बबन हातात फांदी घेऊन उभा राहायचा, आणि वहिनी सांगायच्या, की संदीपच्या सासरी वास्तुशांत आहे, किंवा काल गोळी घेतली नाही. त्याच्याकडून उत्तर आलं की मशीन सुरू. बबन मला म्हणायचा, "तीस वरसं कंपनीच्या आवाजात हिचं काय ऐकलंच न्हाई, दिगूभाऊ. आता सगळं एकदम वसूल करतीय." पण म्हणताना चेहरा असा, की बक्षीस मिळालंय. त्या दिवसांत धूर नव्हता, दवाखाना नव्हता आणि संदीपही घर सोडायचं काढत नव्हता.

बबन गेला आणि मशीन थांबलं. फांद्या मात्र येत राहिल्या. तेराव्यापर्यंत ढीग ओसरीवरून दिसायला लागला आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याला काडी लावलीच. वहिनींचा श्वास पुन्हा लागला. संदीप आला. भला मुलगा आहे तो, आईवर त्याचा जीव आहे. त्यानं शांतपणे सांगितलं, की हे मशीन एकट्या माणसाला चालवता येत नाही, माणूस रोज कुठून आणायचा, धूर होत राहणार, तेव्हा ट्रॅक्टर-मशीन काढून टाकू आणि तू माझ्याकडं चल. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाला. त्याच्यात चुकीचं काय आहे, हे मला सांगता येईना. पण वहिनींचा चेहरा मी बघितला होता.

रविवारी सकाळी मी पान्यांची पिशवी घेऊन गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो, की दुसरी लिव्हर काढून टाकायची. एका हाताचं मशीन झालं, की वहिनी एकट्या थोडंथोडं काम करू शकतील, ढीग वाढणार नाही आणि कुणी काडी लावणार नाही. संदीप आधीच पोचला होता, ओसरीवर आईची बॅग भरून ठेवलेली. मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "काका, होत असेल तर करून बघा. मग मी आईला नाही नेत." मला बरं वाटलं. मी मशीनपाशी बसलो, पाना नटाला लावला. तेवढ्यात वहिनी आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, दिगूभाऊ."

मी म्हणालो, वहिनी, मग तुम्हाला एकटीला चालवता यायचं कसं.

"एकटीला चालवाया आलं, तर कोण येईल का हितं?" त्या म्हणाल्या. "आता निदान कुणाला तरी यावं लागंल."

संदीप ओसरीवर उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. वहिनी मला म्हणाल्या, ट्रॅक्टर तेवढा चालू करा. मी केला. त्यांनी पदर खोचला, तोंडाला रुमाल बांधला, जाऊन दोन्ही लिव्हर धरल्या आणि उभ्या राहिल्या. मशीन रिकामं घुमत राहिलं. मला उठून फांदी घालता आली असती, पण मी पिशवीत काहीतरी शोधत बसलो, जे त्या पिशवीत नव्हतं. बऱ्याच वेळानं संदीप पायऱ्या उतरून खाली आला. त्यानं शर्टच्या बाह्या दुमडल्या, ढिगातून गुलमोहराची एक फांदी ओढली आणि मशीनच्या तोंडात घातली, शेंड्याकडून, पानांसकट. ती तोंडातच गुंतून बसली. वहिनींनी लिव्हर सोडल्या. मशीन थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"बुडख्याकडनं घाल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा लिव्हर धरल्या.